काळ्या कागदाखालचे पान: एका शालेय प्रयोगाची पार्श्वभूमी

कुंडीतले रोप दोन-तीन दिवस अंधारात ठेवायचे. मग एका पानाच्या मधोमध काळ्या कागदाची पट्टी लावून रोप काही तास उन्हात ठेवायचे. पान तोडून उकळत्या पाण्यात बुडवायचे, स्पिरिटमध्ये त्याचा हिरवा रंग उतरवायचा आणि वर आयोडीनचे थेंब टाकायचे. उघडे पान निळे-काळे होते, पट्टीखालचा भाग मात्र फिकट तपकिरी राहतो. निष्कर्ष: प्रकाशसंश्लेषणाला, म्हणजे झाडाने स्वतःचे अन्न तयार करण्याला, प्रकाश लागतो. प्रयोगवहीत हे सगळे एका पानात मावते. इतक्या सोप्या निष्कर्षापर्यंत पोहोचायला मात्र माणसाला दोनशेहून अधिक वर्षे लागली.

सुरुवात झाली ती पाण्यापासून. ब्रसेल्सचे वैद्य व्हॅन हेल्मोंट यांनी सुमारे ९० किलो वाळवलेली माती एका कुंडीत भरली, तीत सव्वादोन किलोचे विलोचे रोप लावले आणि पाच वर्षे फक्त पाणी घातले. बाहेरची धूळ मातीत पडू नये म्हणून कुंडीवर भोके पाडलेले पत्र्याचे झाकणही घातले. शेवटी झाड भरले सुमारे ७७ किलो, आणि माती घटली होती जेमतेम दोन औंस, म्हणजे साठ ग्रॅमच्या आत. त्यांच्या मृत्यूनंतर १६४८ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात निष्कर्ष आला की लाकूड, साल, मुळे सगळे पाण्यातूनच आले. वजने चोख, हिशेबही चोख. फक्त हवा हिशेबात धरलेलीच नव्हती. गंमत म्हणजे ‘गॅस’ हा शब्द याच गृहस्थांनी दिला, आणि कोळसा जाळल्यावर निघणाऱ्या वायूची नोंदही त्यांनीच केली होती. झाड वाढवणारा वायू त्यांच्या ओळखीचा होता, पण झाडाशी त्याचा संबंध असेल हे त्यांच्या मनात आले नाही.

हवेकडे लक्ष वळवले ते इंग्लंडचे शास्त्रज्ञ जोसेफ प्रीस्टली यांनी. १७ ऑगस्ट १७७१ रोजी त्यांनी मेणबत्ती जळून विझलेल्या बंदिस्त हवेत पुदिन्याची डहाळी ठेवली. २७ ऑगस्टला त्याच हवेत दुसरी मेणबत्ती छान जळली. झाड ‘बिघडलेली’ हवा सुधारते असा त्याचा अर्थ त्यांनी लावला. पुढे हा प्रयोग कधी साधे, कधी फसे. दुसऱ्यांनी केला तर काहींना नेमके उलटे दिसे. फसण्याचे कारण समोरच होते: भांडे उजेडात आहे की अंधारात, याकडे कोणी पाहतच नव्हते.

ते यान इंगेनहाउस यांनी पाहिले. ते मूळचे डच, व्हिएन्नाच्या राजदरबारातले वैद्य. १७७९ च्या उन्हाळ्यात लंडनजवळ मुक्काम ठोकून त्यांनी पाचशेच्या वर प्रयोग केले आणि त्याच वर्षी ते छापलेही. पाण्यात बुडवलेल्या पानांवर उन्हात बुडबुडे येतात आणि अंधारात थांबतात. बुडबुडे येतात तेही फक्त हिरव्या भागांतून. रात्री झाड उलट हवा बिघडवते. उन्हाची ऊब नव्हे, उजेड महत्त्वाचा, हेही त्यांनी स्पष्ट केले. माझ्या मते या कथेतले सर्वांत मोठे काम हेच, कारण प्रकाश आणि हिरवा भाग या दोन्ही अटी एकाच माणसाने एकाच उन्हाळ्यात हुडकल्या. क्रोटनसारखे पांढरे-हिरवे पान घेऊन केला जाणारा प्रयोग त्याच निरीक्षणाचा वारस आहे. तो करताना रंग उतरवण्याआधी पानावरच्या हिरव्या भागाची सीमा कागदावर काढून ठेवावी लागते. स्पिरिटमधून निघालेले पान सगळीकडून सारखेच पांढुरके असते, आणि मग कुठे हिरवे होते ते आठवणीवर सोडावे लागते.

तिसरी अट जिनिव्हाच्या झाँ सेनेबिए यांची, साल १७८२. उकळून वायू घालवलेल्या पाण्यात पानावर बुडबुडे येत नाहीत आणि आज आपण ज्याला कार्बन डायऑक्साइड म्हणतो तो वायू मिसळला की पुन्हा येतात, असे त्यांनी दाखवले. हायड्रिला या पाणवनस्पतीच्या प्रयोगात पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा टाकतात, तो याचसाठी. वर्गात या अटीचा ठरलेला प्रयोग मात्र डच वनस्पतिशास्त्रज्ञ मोल यांच्या नावाने ओळखला जातो: अर्धे पान कार्बन डायऑक्साइड शोषून घेणारे पोटॅशिअम हायड्रॉक्साइड असलेल्या बाटलीत, अर्धे बाहेर. शेजारी नुसते पाणी भरलेली दुसरी बाटली ठेवायला बहुतेक ठिकाणी विसरतात. मग आतले पान वायू न मिळाल्याने निळे झाले नाही की बाटलीत कोंडल्याने, हे सांगायला आधार उरत नाही.

आयोडीन या गोष्टीत फार उशिरा आले. ते सापडले १८११ साली, आणि स्टार्चला, म्हणजे झाडाने साठवलेल्या पिठूळ अन्नाला, ते निळे करते हे १८१४ मध्ये कळले. पण पानातला स्टार्च उजेडातच तयार होतो, हे जर्मनीच्या युलियस झाक्स यांनी १८६२ ते १८६४ च्या दरम्यान दाखवले. पानाचा काही भाग झाकायची युक्ती त्यांचीच. पान उकळून, अल्कोहोलने रंग काढून आयोडीनमध्ये बुडवण्याची रीत त्यांनी १८८४ मध्ये तपशिलाने मांडली. संध्याकाळी स्टार्चने भरलेले पान पहाटेपर्यंत रिकामे होते, हेही त्यांनी नोंदवले. रोप आधी अंधारात का ठेवायचे, याचे उत्तर या नोंदीत आहे. मुलांना ही पायरी वेळ घालवणारी वाटते. पण ती गाळली तर झाकलेला भागही जुन्या साठ्यामुळे निळा होतो आणि प्रयोगातून काहीच सिद्ध होत नाही.

काळ्या कागदावरही एक रास्त आक्षेप आहे. घट्ट चिकटवलेला कागद उजेडाबरोबर हवाही अडवतो. मग दोन अटी एकत्र बदलतात. म्हणून अमेरिकेत शिकवणारे कॅनडाचे वनस्पतिशास्त्रज्ञ गॅनाँग यांनी उजेड रोखणारी पण हवा खेळती ठेवणारी डबी बनवली. शिवाय आयोडीन स्टार्च दाखवते, प्रकाशसंश्लेषण नव्हे. कांद्याच्या हिरव्यागार पातीत स्टार्च साठतच नाही. तिच्यावर हा प्रयोग केला तर पात उन्हात काहीच करत नाही असा निष्कर्ष निघेल.

आणि पाणी? हेल्मोंट यांना जे एकच दिसले, नेमके तेच या पद्धतीने वर्गात दाखवता येत नाही. रोपाला पाणी तोडले की पर्णरंध्रे, म्हणजे पानावरची हवा आत घेणारी सूक्ष्म छिद्रे, मिटतात आणि कार्बन डायऑक्साइडही अडतो. कमतरता कशाची होती ते वेगळे काढता येत नाही. १८०४ मध्ये जिनिव्हाचेच शास्त्रज्ञ द सोस्यूर यांनी हे वजनाने सोडवले. बंद भांड्यातल्या झाडांचे वजन झाडांनी घेतलेल्या कार्बनपेक्षा जास्त वाढत होते, म्हणजे पाणीही झाडाच्या शरीरात जमा होत होते. बाहेर पडणारा ऑक्सिजन पाण्याचा की कार्बन डायऑक्साइडचा, हा वाद तरीही उरला. तो मिटण्याच्या मार्गाला लागला १९४१ मध्ये, जेव्हा कॅलिफोर्नियात रुबेन आणि केमन यांच्या गटाने जड ऑक्सिजन (नेहमीपेक्षा वजनदार अणूंचा, म्हणून ओळखता येणारा) असलेले पाणी क्लोरेला शैवालाला दिले आणि तोच जड ऑक्सिजन त्यातून निघालेल्या वायूत सापडला.