पार्श्वभूमी: ग्रेडेड कॉमिक्स, प्रेसिंगचा वाद आणि तिकीटबारीचे आकडे

सोलापुरात ग्रेडेड कॉमिक्स, म्हणजे तिऱ्हाइत कंपनीने तपासून 0.5 ते 10 मधला आकडा दिलेले सीलबंद अंक, घेणारे मोजकेच आहेत. पण सुपरहिरोचा नवा चित्रपट लागला की त्यांच्यात दोन वाद हमखास निघतात. चित्रपटाने खरोखर किती कमावले, हा पहिला. अमुक एकाकडे आलेला 9.8 चा अंक मुळातच तसा होता की प्रेस करून, म्हणजे उष्णतेने आणि दाबाने सपाट करून, 9.8 झाला, हा दुसरा. पहिला आठवडाभरात विरतो. दुसरा गेली वीस वर्षं मिटलेला नाही, आणि त्याचं मूळ ग्रेडिंग सुरू झालं तेव्हाच्याच एका निर्णयात आहे.

त्याआधीच्या काळाबद्दल थोडक्यात. इंद्रजाल कॉमिक्स 1964 साली सुरू झालं, सुरुवातीला अंकाची किंमत 60 पैसे होती, आणि 1990 मध्ये ते बंद पडलं. वेताळ आणि मॅन्ड्रेक मराठी घरांत पोचले ते याच अंकांतून. सोलापुरात बहुतेकांनी ते विकत घेण्यापेक्षा भाड्याने पुस्तकं देणाऱ्या दुकानांतूनच वाचले. दुकानदार पाच-सहा अंक एकत्र शिवून घ्यायचा, वर पुठ्ठा चढवायचा, बाइंडर तिन्ही कडा कटिंग मशीनखाली सारख्या करून द्यायचा, आणि पहिल्या पानावर दुकानाचा शिक्का. अंक चार हातांत टिकावा म्हणून केलेली ही सोय पुढे त्याच अंकाच्या मुळावर कशी आली, ते खाली येईलच.

अमेरिकेत जुन्या अंकांची प्रमाण मानली गेलेली दरपुस्तिका 1970 मध्ये निघाली. ‘गुड’, ‘फाइन’, ‘मिंट’ हे शब्द तिच्यामुळे पक्के झाले, पण अंकाला तो शब्द लावणार कोण? विकणाराच. तरीही वीसेक वर्षं कारभार चालला. मग नव्वदचं दशक आलं. 1991 मध्ये एका पहिल्या अंकाच्या 80 लाखांवर प्रती खपल्या, 1992 मध्ये सुपरमॅनच्या मृत्यूचा अंक काळ्या पिशवीत सीलबंद होऊन आला आणि लोकांनी तो न फोडताच कपाटात ठेवला. सगळ्यांनीच जपून ठेवलेली वस्तू दुर्मीळ होत नाही, हे कळेपर्यंत बाजार बसला होता. 1996 च्या अखेरीस एका बड्या प्रकाशकाने दिवाळखोरीचा अर्ज केला. विकणाऱ्याच्या शब्दावरचा विश्वास उडाला होता, आणि तिऱ्हाइताने अंक तपासून देण्याच्या धंद्याला जागा झाली ती इथे.

2000 साली अमेरिकेतल्या एका कंपनीने नाण्यांच्या ग्रेडिंगच्या धर्तीवर कॉमिक्सचं ग्रेडिंग सुरू केलं. 0.5 ते 10 ही श्रेणी; आकडा जितका मोठा तितका अंक चांगला. ज्यांनी स्लॅब, म्हणजे ग्रेड दिलेला अंक सीलबंद केलेलं पारदर्शक प्लास्टिकचं कव्हर, हातात घेतलेला नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो: वजनाला तो वाटतो त्यापेक्षा हलका असतो, अंक आतल्या एका पातळ पाकिटात असतो, वर लेबलावर ग्रेड, पानांचा रंग आणि अनुक्रमांक. 2016 मध्ये कंपनीने हे प्लास्टिकचं कव्हर बदललं तेव्हा उजेडात तिरकं धरल्यावर आत तेलाच्या तवंगासारखी इंद्रधनुषी वर्तुळं दिसू लागली, न्यूटन रिंग म्हणतात त्या. लाखाची वस्तू आणि वर तवंग, म्हणून तेव्हा बरीच ओरड झाली.

मुद्दा लेबलाच्या रंगाचा आहे. निळं लेबल म्हणजे अंक जसा आहे तसा. जांभळं म्हणजे त्यावर रिस्टोरेशन झालंय: रंग भरला, फाटकं चिकटवलं, तुटलेला कोपरा कागद लावून पुरा केला, किंवा कडा कापून सरळ केल्या. एकाच अंकाची जांभळी प्रत निळीच्या निम्म्या दरातही जात नाही असं पुष्कळदा होतं. म्हणजे रिस्टोरेशनची व्याख्या कुठे संपते, यावर संग्राहकाचा पैसा ठरतो. आणि ही व्याख्या करताना कंपनीने प्रेसिंग बाहेर ठेवलं.

प्रेसिंगमध्ये करतात काय? अंकाला आधी मोजकी दमट हवा देतात, म्हणजे कागदाचे तंतू सैल पडतात. मग पानांमध्ये न चिकटणारे कागद घालून तो तापलेल्या प्रेसमध्ये ठेवतात आणि दाबाखालीच थंड होऊ देतात. बोटांचे खळगे, गुंडाळल्यामुळे आलेला बाक, रंग न तुटलेल्या घड्या सपाट होतात. रंग तुटून कण्यावर आलेल्या पांढऱ्या रेघा मात्र जात नाहीत. अंक मुळात चांगला असेल तर 9.2 चा 9.6 होऊ शकतो, आणि जुन्या महत्त्वाच्या अंकांत या दोन आकड्यांमधला फरक हजारो डॉलरचा असतो.

कंपनीच्या बाजूचं म्हणणं असं: प्रेसिंगमध्ये अंकात काहीही भरलं जात नाही, आणि नीट केलेलं प्रेसिंग तपासणाऱ्याला ओळखता येत नाही. जे ओळखताच येत नाही त्याची लेबलावर नोंद करायची कशी? पुस्तकांच्या जड गठ्ठ्याखाली वर्षानुवर्षं राहिलेला अंकही सपाट होतोच, मग त्यालाही दोष द्यायचा का, असंही विचारलं जातं. यातला दुसरा युक्तिवाद मला कधीच पटलेला नाही. गठ्ठ्याखाली अंक राहतो तो वाचक निष्काळजी असतो म्हणून; तापलेल्या प्रेसमध्ये तो जातो भाव वाढावा म्हणून. पहिल्या युक्तिवादाला मात्र सरळ उत्तर नाही, हेही खरं.

विरोध करणारे दोन हजारच्या दशकाच्या मध्यापासून बोलू लागले. त्यांची मागणी बंदीची नव्हतीच. विकणाऱ्याने सांगावं, इतकीच होती. काहींनी तसं लेखी कबूल करणाऱ्या विक्रेत्यांचा गटही केला. पण तोवर धंद्याची रीत ठरून गेली होती. स्लॅब फोडायचा, अंक प्रेस करायचा, पुन्हा ग्रेडिंगला धाडायचा. आकडा वाढला तर विकायचा, नाही वाढला तर पुढच्या वेळी बघू. जुनं लेबल परत केलं नाही तर एकच अंक कंपनीच्या मोजदादीत दोनदा दिसतो. म्हणजे ‘9.4 च्या इतक्या प्रती जगात आहेत’ ही संख्यासुद्धा फुगलेली. 1977 मध्ये डेन्व्हरच्या एका घरात सापडलेला, वर्षानुवर्षं न हाताळलेला संग्रह हा या क्षेत्रात सचोटीचा दाखला समजला जातो. त्यातलेही अंक पुढे प्रेसमधून गेले. 2012 मध्ये तर ग्रेडिंग करणाऱ्या समूहाने प्रेसिंगचा व्यवसाय करणारी एक कंपनीच विकत घेतली. प्रेसिंग करणार तेच, आकडा देणार तेच. कर्मचारी वेगळे आहेत, कामं वेगळी आहेत, असा खुलासा आला. तो कोणी खोटा म्हणत नाही. पण त्या दिवसानंतर हा प्रश्न व्याख्येपुरता उरला नाही.

प्रेसिंग बिघडलं की काय होतं तेही पाहण्यासारखं आहे. मुखपृष्ठ आणि आतली पानं वेगवेगळ्या कागदाची असल्याने उष्णतेने वेगवेगळी आकसतात, आणि बंद अंकाच्या उजव्या कडेला आतली पानं मुखपृष्ठाच्या बाहेर डोकावू लागतात. एकदा ते नजरेत बसलं की प्रत्येक स्लॅबमध्ये तेच आधी दिसतं.

सोलापुरातल्या जुन्या संग्राहकांचं यावरचं मत एका वाक्यात मावतं: वापरलेली चादर धुऊन, कडक इस्त्री करून कोरी म्हणून विकू नये. त्यांचा राग समजण्यासारखा आहे, कारण त्यांच्याकडच्या इंद्रजालच्या अंकांना हाच नियम उलटा लागतो. मालकाचं नाव किंवा दुकानाचा शिक्का असेल तर ग्रेड थोडी उतरते, एवढंच. पण कड कापणं हे रिस्टोरेशन. म्हणजे साठ पैशांचा अंक पोरांच्या हातात टिकावा म्हणून बाइंडरने कडा सारख्या केल्या, तर त्यावर जांभळ्या लेबलाची वेळ येऊ शकते. आणि भाव वाढावा म्हणून तापल्या प्रेसमधून काढलेला अंक निळ्या लेबलात मिरवतो. शिवाय पत्र्याच्या घराच्या माळ्यावर एप्रिल-मे काढलेला न्यूजप्रिंटचा कागद पिवळा आणि ठिसूळ होऊन बसतो तो वेगळाच; बेचाळीस-त्रेचाळीस अंशांच्या उन्हाळ्याला कोणतंही प्रेसिंग पुरं पडत नाही.

चित्रपटांनी या बाजारात पाय ठेवला तो 2008 नंतर. त्याआधीही सुपरहिरोपट चालत. 2007 चा तिसरा स्पायडरमॅन तर भोजपुरीतही डब होऊन आला होता. पण मार्व्हलच्या एकमेकांत गुंफलेल्या चित्रपटांची मालिका सुरू झाल्यावर ‘पुढचं पात्र कोणतं’ हा अंदाज बांधण्याचा धंदा झाला. ज्या अंकात पात्र पहिल्यांदा दिसतं त्याला मागणी, आणि तीही चित्रपट येण्याआधी. 2010 च्या फेब्रुवारीत सुपरमॅनचं पदार्पण असलेली 1938 ची प्रत, ग्रेड 8.0, दहा लाख डॉलरला गेली. 2014 मध्ये त्याच अंकाच्या 9.0 च्या प्रतीला 32 लाख मिळाले. 2021 मध्ये स्पायडरमॅनच्या पदार्पणाचा 9.6 चा अंक 36 लाखांवर गेला, 2024 मध्ये पुन्हा सुपरमॅनची 8.5 ची प्रत 60 लाखांवर.

आपल्याकडे हे आकडे कोणी खिशाला लावून पाहत नाही. तिकीटबारीचे मात्र सगळे पाहतात. अमेरिकेतले शनिवार-रविवारचे अंदाज आपल्याकडे रविवारी रात्री येतात आणि पक्के आकडे सोमवारनंतर. गोंधळ होतो तो तुलनेत. अमेरिकेतला आकडा ग्रॉस, म्हणजे तिकीटविक्रीची एकूण रक्कम. भारतात रूढ असलेला आकडा नेट, म्हणजे कर वजा जाता. जुलै 2017 पूर्वी राज्याराज्यांचा करमणूक कर वेगळा होता, महाराष्ट्रात तो 45 टक्क्यांपर्यंत जाई. मग जीएसटी आला, आणि जानेवारी 2019 पासून शंभर रुपयांवरच्या तिकिटाचा दर 28 वरून 18 टक्क्यांवर आला. त्याच एप्रिलमध्ये ‘एंडगेम’ लागला. भारतात पहिल्या दिवसाचा नेट 53 कोटी, ग्रॉस 63 कोटींवर. दोन्ही बरोबर, दोन्ही एकाच दिवसाचे. वाद घालणारे मात्र हातात एकेक धरून बसले होते.

2020-21 मध्ये लोक घरात अडकले आणि अंकांचे भाव चढले. ‘इटर्नल्स’चं उदाहरण पुरेसं आहे. 1976 चा पहिला अंक वर्षानुवर्षं कोणी विचारत नव्हतं. 2019 च्या जुलैत चित्रपटाची घोषणा झाली आणि तो उड्या मारू लागला. चित्रपट भारतात लागला 5 नोव्हेंबर 2021 ला, दिवाळीच्या पाडव्याला. महाराष्ट्रातली थिएटरं उघडून दोनच आठवडे झालेले, तीही निम्म्या क्षमतेने, आणि समोर त्याच दिवशी लागलेला मोठा हिंदी चित्रपट. अंकाचा भाव मात्र सोलापूरच्या किंवा भारताच्या तिकीटबारीवर पडला नाही. चित्रपट आल्यावर वाट पाहण्यासारखं काही उरलं नाही, म्हणून पडला. 2022 मध्ये उतरण सगळीकडेच सुरू झाली, आणि 2023 च्या दिवाळीतल्या ‘द मार्व्हल्स’ने जगभरात सुमारे 20 कोटी 60 लाख डॉलर मिळवून तोवरच्या मालिकेतला नीचांक गाठला. 2024 मधल्या डेडपूल-वुल्व्हरीनच्या जोडीने 130 कोटी डॉलर ओलांडले, पण त्या दोघांच्या पदार्पणाच्या अंकांना 2021 चा भाव परत मिळवून देणं त्यांनाही जमलं नाही.

दरम्यान 2023 च्या अखेरीस नवा घोळ बाहेर आला. स्लॅबचं खराब झालेलं कव्हर बदलून देण्याच्या कंपनीच्या सेवेचा फायदा घेऊन काहींनी चांगल्या लेबलामागे कमी प्रतीचे अंक सरकवले होते. कव्हर बदलताना अंक पुन्हा तपासला जात नसे. कंपनीने संशयित अनुक्रमांकांची शेकड्यांनी लांब यादी जाहीर केली. तेव्हापासून इथले खरेदीदार पैसे देण्याआधी स्लॅबचा अनुक्रमांक आणि जुने फोटो जुळवून पाहतात, कण्यावरची एकेक रेघ मोठी करून. प्रेसिंगची नोंद लेबलावर यावी ही मागणीही त्या निमित्ताने पुन्हा झाली. कंपनीची भूमिका मात्र 2000 सालच्या जागेवरच आहे.