मोठा पी, छोटा पी

आपल्या देवनागरीत कॅपिटल-स्मॉल ही भानगडच नाही, 'म' वाक्याच्या सुरवातीला आला काय नि मधे आला काय, 'म'च. त्यामुळेच की काय, कोड लिहिताना नावांतल्या कॅपिटलकडे मी कधी फारसं बघितलंच नाही, आणि काम डेल्फी या प्रोग्रामिंग भाषेत असल्यामुळे ते खपूनही गेलं. डेल्फी पास्कल या जुन्या भाषेच्या घराण्यातली, तिला मोठं अक्षर नि छोटं अक्षर सारखंच. मडगावसारखं म्हणा ना, स्टेशनच्या पाटीवर रोमन स्पेलिंग वेगळं, बसच्या पाटीवर वेगळं, पण कंडक्टरला कुठे उतरवायचं ते बरोबर कळतं.

कोडचा चालता प्रोग्राम बनवणाऱ्या कंपायलरचं भागतं, वैताग आपल्याला. एकाच फाइलीत एकच नाव तीन तऱ्हांनी दिसायला लागलं की डोळे अडखळतात, आणि कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटमध्ये उगाच बदललेल्या ओळींचा ढीग. म्हणून कोड आपोआप एकसारखा करून देणारा ऑटो-फॉरमॅटर लावायचा.

अक्षर बदलणं त्याला अगदी सोप्पं. आस्कीत, म्हणजे अक्षरांना नंबर देणाऱ्या पद्धतीत, कॅपिटल ए म्हणजे 65, स्मॉल ए म्हणजे 97, फरक 32 चा, म्हणजे फक्त एक बिट उलटं केलं की झालं. डोकेदुखी आहे ती कुठलं रूप खरं मानायचं याची. कोणी डिक्लेरेशनमध्ये, म्हणजे नाव जाहीर करतो तिथे, जसं लिहिलंय तसं धरतात, कोणी शब्दांची यादी ठेवतात आणि यादीत असेल तसं सगळीकडे करून टाकतात. यादीवाल्याला संदर्भ कळत नाही, एका फंक्शनमधला शब्द नि दुसरीकडचा तोच शब्द त्याला एकच. एक्सेलच्या व्हीबीए या मॅक्रोंच्या भाषेत हे भोगलेले बरेच असतील, कुठेतरी 'व्हॅल्यू' नावाचं व्हेरिएबल स्मॉल व्ही ने डिक्लेअर करा, अख्ख्या प्रोजेक्टातल्या सेलच्या 'व्हॅल्यू' आपोआप स्मॉल. चालतं सगळं, दिसतं मात्र भयाण.

आणि कोटमधल्या मजकुराला हात लावायचा नसतो. बिलावर छापायचं गावाचं नाव कोटमध्ये असतं, ते बदललं तर गिऱ्हाईक विचारणारच. म्हणून फॉरमॅटर आधी कोडचे तुकडे पाडतो, हे नाव, हा कोटमधला मजकूर, ही कमेंट, आणि फक्त नावांनाच हात लावतो.

एवढं माहीत असून मी फसलो. फोंड्यातल्या एका दुकानाचं बिलिंग, चवथीच्या आदल्या आठवड्यात मी हौसेनं सगळा कोड फॉरमॅट केला, कंपाइल झाला, एरर एक नाही. सकाळी दुकानातून फोन, "अरे, प्रोग्रामच उघडना!" प्रिंटरची डीएलएल, म्हणजे तयार फंक्शनांची वेगळी फाइल, होती, तिच्यातलं 'ओपनपोर्ट' फंक्शन आम्ही थेट नावानं घेतलेलं, आणि यादीनं मधला कॅपिटल पी स्मॉल केलेला. डेल्फीला फरक नाही, पण डीएलएलमधलं नाव विंडोज शोधतं, आणि ते अक्षरन् अक्षर जुळलं तरच सापडतं. कंपायलर हे तपासत नाही, म्हणून प्रोग्राम सुरू होतानाच मेला. दुपारपर्यंत पोरांनी बिलं हातानं फाडली, बाहेर गणपतीच्या वर बांधायच्या माटोळीच्या सामानाची गर्दी, मालक फोनवर काय काय बोलला ते इथे नको.

उपाय एका ओळीचा निघाला. डिक्लेरेशनच्या शेवटी डीएलएलमधलं मूळ नाव कोटमध्ये वेगळं लिहून दिलं. आता कोटबाहेरचं नाव यादी कसंही करू दे, कोटमधलं जिथल्या तिथे. आणि फॉरमॅटिंगचा कमिट, म्हणजे गिटमधली नोंद, मी आता वेगळाच टाकतो, शुक्रवारी तर अजिबात नाही.