खुर्च्या वळण्याआधी काय घडतं

'पोलंडमधली एक अनोळखी मुलगी रस्त्यावरून थेट टीव्हीच्या मंचावर आली, खुर्च्या वळल्या आणि ती एका रात्रीत गायिका झाली.' अशी गोष्ट वर्षानुवर्षं फॉरवर्ड होते. व्हिडिओ पाहिला की पटतेही, कारण अशा गायन स्पर्धेत परीक्षक मंचाकडे पाठ करून बसतात आणि आवाज आवडला तरच खुर्ची वळवतात; त्यांनी तिला खरंच पाहिलेलं नसतं.

पण तिला सर्वांत आधी ऐकणारे ते नसतात. 'द व्हॉइस ऑफ पोलंड' ही अशीच टीव्हीवरची गायन स्पर्धा, २०११ मध्ये सुरू झालेली. अशा कार्यक्रमात खुर्च्यांपर्यंत पोचण्याआधी अर्ज असतो, प्राथमिक चाचण्या असतात. कॅमेऱ्यापुढे निवडकच येतात. पडताळायचं असेल तर तोच व्हिडिओ पुन्हा लावा आणि या वेळी वादकांकडे बघा. ड्रमवाला, गिटारवाला तिचंच गाणं, तिच्याच पट्टीत, अचूक उचलतात. आधी ठरल्याशिवाय हे जमत नाही. विंगेत हात जोडून उभ्या आईवडिलांवरही कॅमेरा आधीपासून लावलेला असतो.

मग गायिकेचं नाव यूट्यूबवर शोधा, अपलोडच्या तारखा बघा. स्वतः गाणी लिहिणाऱ्यांची जुनी रेकॉर्डिंग बरेचदा स्पर्धेआधीची सापडतात. मला तर तीच जास्त आवडतात: एक गिटार, कच्चा आवाज, आणि ओळी तिच्या स्वतःच्या.