शॉकमधली हवा आणि साडेसोळा मिलिमीटरचा झोळ

सायकलच्या मागच्या शॉकमध्ये, म्हणजे धक्के गिळणाऱ्या हवेच्या नळकांड्यात, 180 पीएसआय हवा भरली. पंप काढताना 'फिस्स' झालं. खात्री करायला पंप परत लावला, तर काटा 165 वर. (पीएसआय म्हणजे इथे फौजदार नव्हे. एका चौरस इंचावर किती पौंडांचा जोर पडतो, त्याचं हे माप.) परत भरली, परत काढला, परत तेच. फुल सस्पेन्शन एमटीबी, म्हणजे पुढे-मागे दोन्हीकडे धक्के गिळणारी डोंगरवाटांची सायकल, घेतली त्या पहिल्या आठवड्यात, पार्किंगमध्ये बसून मी हा खेळ अर्धा तास खेळलो आणि व्हॉल्व्ह गळतोय असं ठरवून मोकळा झालो.

व्हॉल्व्ह ठणठणीत होता. 'फिस्स' झाली ती मुख्यतः पंपाच्या नळीतली हवा. पंप पुन्हा लावला की रिकामी नळी आणि मीटर भरायला हवा शॉकमधूनच जाते, आणि काटा खाली येतो. गाडीच्या टायरवर हा फरक जाणवत नाही, कारण तिथे हवा भरपूर असते. शॉकमध्ये ती जेमतेम कपभर. म्हणजे दाब तपासायला गेलं की तपासण्यानेच तो कमी होतो. तेव्हापासून मी मीटरवरच्या आकड्याला फार भाव देत नाही.

मित्राचा आकडा तर अजिबात घेऊ नये. 'मी 190 ठेवतो' हे त्याच्या वजनाचं, त्याच्या शॉकचं आणि त्याच्या फ्रेमचं उत्तर असतं. कारच्या टायरला तीस-पस्तीस पीएसआय पुरतात, मग या चिमुकल्या नळकांड्याला दीड-दोनशे का लागतात? पहारीने धोंडा हलवताना आपलं टोक हातभर फिरतं आणि धोंडा बोटभर सरकतो, पण जोर कितीतरी पट मिळतो. इथे चाक पहारीच्या लांब टोकाला आणि शॉक आखूड टोकाला. माझ्या सायकलचं मागचं चाक 140 मिलिमीटर वर जातं तेव्हा शॉक फक्त 55 मिलिमीटर दबतो. म्हणजे चाकावरचा भार शॉकवर सरासरी अडीच पटीने येतो. आणि शॉकवरची 1 मिलिमीटरची चूक चाकाशी अडीच मिलिमीटर होते.

मग विश्वास कशावर ठेवायचा? शॉकच्या चकचकीत दांड्यावर एक रबरी कडी असते, तिच्यावर. सुतळीच्या बाजेवर माणूस बसला की झोळ पडतो. तसाच स्वार चढल्यावर, सायकल जागच्या जागी उभी असतानाच शॉक थोडा दबतो. त्यालाच सॅग म्हणतात.

हा झोळ मुद्दाम ठेवायचा असतो. दगड आला की चाकाला वर जाता यावं, हे कुणालाही पटतं. पण वाटेत खड्डेही असतात, आणि तिथे चाक खाली उतरायला हवं. शॉक आधीच पूर्ण ताठ उभा असेल तर खाली जायला जागाच उरत नाही. चाक क्षणभर अधांतरी लटकतं, आणि अधांतरी चाकाला ना ब्रेक उपयोगी ना ग्रिप. रिकामा ट्रक आठवा. त्याचे पाटे भरल्या मालाच्या हिशेबाने बनवलेले, म्हणून रिकामा असताना त्याची मागची बाजू दणादण उडते, आणि माल भरला की तोच ट्रक शहाण्यासारखा चालतो.

शॉक जास्तीत जास्त जेवढा दबतो तो त्याचा स्ट्रोक. चढउतारांवर वेगाने पळणारे क्रॉस-कंट्रीवाले स्ट्रोकच्या 20 ते 25 टक्के सॅग ठेवतात, डोंगरवाटांवर भटकणारे ट्रेलवाले 25 ते 30, नुसत्या उतारावर सुसाट सुटणारे डाउनहिलवाले 35 पर्यंत जातात. माझं गणित 55 चे 30 टक्के, म्हणजे साडेसोळा मिलिमीटर. झोळ फार झाला तर सायकल मागे बसते, चढावर हँडल भरकटतं आणि पेडल दगडांना घासतं.

मोजताना अंगावर सगळं हवं: हेल्मेट, बूट, पाठीवर भरलेली पाण्याची पिशवी. शॉकचा लॉकआउट, म्हणजे शॉकला ताठ करणारी कळ, पूर्ण उघडा. भिंतीला हात टेकवून पेडलवर उभं राहायचं, दोन-तीनदा हलकेच दाबायचं, स्थिर व्हायचं आणि कडी सीलपर्यंत, म्हणजे दांडा जिथून नळकांड्यात शिरतो त्या रबरी तोंडापर्यंत, सरकवायची. काही कंपन्या सीटवर बसून मोजा म्हणतात. कसंही मोजा, दर वेळी तसंच मोजा. मग उतरायचं, पण कडेवर झोपलेलं मूल गादीवर ठेवावं तसं. कडीला फक्त सगळ्यांत खोल गेलेली जागा लक्षात राहते. उतरताना धसका बसला की मोजमाप बिघडलंच. कडी सीलपासून 20 मिलिमीटरवर दिसली तर हवा वाढवायची, 12 वर दिसली तर सोडायची, एका वेळी पाच-दहा पीएसआयच.

यात एक गोम आहे. शॉकमध्ये हवेच्या दोन खोल्या असतात. मोठीतली हवा शॉकला लांब करते, धाकटीतली त्याला आत ओढते. ती धाकटी नसती तर पहिला मिलिमीटर दाबायलाच केवढा जोर लागला असता. पंपातली हवा मात्र थेट मोठ्या खोलीत जाते. धाकटीत जायची चिंचोळी वाट शॉक थोडा दबला असतानाच उघडते. म्हणून हवा भरली की शॉक दहाएक वेळा सावकाश दाबायचा. काटा पुन्हा उतरतो, कारण हवा वाटली गेली. सोडतानाही तेच. एकदा कंटाळून मी सगळी हवा एका दमात सोडली. धाकट्या खोलीतली तिथेच अडकली, तिने शॉक आत ओढून घेतला आणि सायकल बसलेल्या उंटासारखी दिसू लागली. परत हवा भरल्यावर उठली.

शॉक तळाला आपटतो म्हणून हवा वाढवत नेणं ही सर्रास चूक. 1662 साली रॉबर्ट बॉइलने मांडलेला नियम शाळेत सगळ्यांनी घोकलेला असतो: तापमान तेच राहिलं तर वायूचं आकारमान निम्मं केल्यावर दाब दुप्पट होतो. म्हणूनच हवेचा शॉक सुरुवातीला मऊ आणि शेवटाकडे कडक होत जातो. झटक्यात दबला की हवा तापतेही, मग दाब दुपटीच्याही वर जातो. तो शेवट आणखी कडक हवा असेल तर आत प्लास्टिकचे टोकन बसवून खोली लहान करतात. झोळ जवळपास तोच राहतो, आपटणं थांबतं. आणि हवा बदलली की रिबाउंडचा, म्हणजे दबलेला शॉक किती वेगाने परत येतो ते ठरवणारा नॉब, बहुतेक शॉकवर लाल, पुन्हा बघावा लागतो. दाब वाढला की शॉक जास्त जोराने उसळतो.

ऋतूही आपला हिस्सा मागतो. पुण्यात जानेवारीच्या पहाटे 10 अंशांत 190 भरले, तर एप्रिलच्या दुपारी 40 अंशांत तेच सुमारे 212 होतात. लेहला, 3,500 मीटरवर, बाहेरची हवा विरळ म्हणून मीटर पाचेक पीएसआय जास्त दाखवेल, पण तिथली थंडी त्याहून जास्त खेचून नेईल.

फेरी संपवून घरी आलो की आधी कडी बघतो. दिवसातल्या सगळ्यांत मोठ्या आदळीला ती टोकाच्या जवळ पोचलेली असावी. कधीच पोचत नसेल तर हवा किंवा टोकन जास्त आहेत. गेल्या रविवारी ती टोकापासून 3 मिलिमीटर अलीकडे होती. पंप पिशवीतून काढलाच नाही.