ईआर पॉझिटिव्ह, ५ टक्के : एका रेषेची पार्श्वभूमी

स्तनाच्या कॅन्सरच्या रिपोर्टवर खाली एक ओळ असते : ‘ईआर पॉझिटिव्ह, ५ टक्के पेशी, रंग फिकट, स्कोअर ३/८’. घरच्यांना पहिला धक्का बसतो तो ‘पॉझिटिव्ह’ या शब्दाचा. आपल्याकडे रिपोर्ट पॉझिटिव्ह आला म्हणजे वाईट बातमी, हे डोक्यात पक्कं बसलेलं आहे. इथे अर्थ वेगळा आहे. गाठीच्या पेशींत इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक धरून ठेवणारं प्रथिन, म्हणजे इस्ट्रोजेन रिसेप्टर (ईआर), सापडलं. तेव्हा इस्ट्रोजेनची वाट अडवणारी गोळी लागू पडण्याची आशा आहे, एवढंच तो शब्द सांगतो. पण शब्दापेक्षा जास्त गुंता त्या ५ टक्क्यांत आहे. २००९ साली हीच स्लाइड अनेक लॅबमधून ‘निगेटिव्ह’ म्हणून बाहेर पडली असती आणि त्या बाईला गोळी मिळाली नसती.

संप्रेरकांचा आणि या गाठींचा संबंध जुना आहे. १८९६ मध्ये ग्लासगोच्या एका सर्जनने पसरलेल्या कॅन्सरच्या पेशंटची अंडाशयं काढल्यावर गाठी आक्रसल्याचं प्रसिद्ध केलं. पुढची कित्येक दशकं हीच शस्त्रक्रिया होत राहिली, नंतर मूत्रपिंडावरच्या ग्रंथीही काढल्या जाऊ लागल्या. उपयोग व्हायचा साधारण तिघींपैकी एकीला. ती एक कोण, हे आधी सांगता येत नव्हतं, त्यामुळे उरलेल्या दोघी अवयव गमावून तिथेच राहायच्या. १९५० च्या दशकाच्या अखेरीस शिकागोमध्ये किरणोत्सारी खूण लावलेलं इस्ट्रोजेन प्राण्यांना टोचल्यावर ते गर्भाशयात अडकून राहतं असं दिसलं आणि रिसेप्टरचा माग लागला. १९७४ मध्ये अमेरिकेतल्या एका बैठकीत तोवरची माहिती एकत्र झाली. गाठीत रिसेप्टर असेल तर निम्म्याहून जास्त पेशंटना संप्रेरक-उपचाराने गुण, नसेल तर दहात एकीलाही नाही. इस्ट्रोजेनची वाट अडवणारी गोळी, टॅमॉक्सिफेन, त्याच सुमारास हाताशी आली होती. मुळात गर्भनिरोधक म्हणून १९६२ मध्ये बनवलेलं ते औषध होतं.

तेव्हाची तपासणी आजच्यासारखी नव्हती. गाठीचा ताजा तुकडा द्रव नायट्रोजनमध्ये गोठवायचा, त्याची पूड करायची आणि एक मिलिग्रॅम प्रथिनामागे किती रिसेप्टर आहे ते किरणोत्सारी इस्ट्रोजेनने मोजायचं. १० फेम्टोमोलच्या (हे अतिसूक्ष्म प्रमाणाचं एकक) वर पॉझिटिव्ह, अशी रेष बहुतेकांनी धरली होती. पुडीत कॅन्सर, चरबी, दुधाच्या निरोगी नलिका सगळं एकत्र यायचं, आणि लहान गाठीतून पुरेसा तुकडाच मिळायचा नाही. १९८० च्या दशकात रिसेप्टरला चिकटून तो रंगाने दाखवणाऱ्या अँटिबॉडी आल्या आणि नव्वदीत गाठीचा तुकडा बसवलेल्या मेणाच्या ब्लॉकमधून कापलेल्या स्लाइडवर तपासणी होऊ लागली. आता पेशींची तपकिरी झालेली केंद्रकं डोळ्यांनी मोजायची. फेम्टोमोल गेले, टक्के आले. जुन्या आकड्याचं नव्या आकड्यात रूपांतर कसं करायचं, हे मात्र कुणी ठरवून दिलं नव्हतं. पुष्कळ लॅब १० टक्क्यांवर थांबल्या. काही २० वर, काही ५ वर.

१९९९ मध्ये अमेरिकेत सुमारे २,००० पेशंटच्या गाठींवर जुनी आणि नवी अशा दोन्ही तपासण्या ताडून पाहिल्या गेल्या. स्लाइडला दोन गुण द्यायचे, किती पेशी रंगल्या याचे ० ते ५ आणि रंग किती गडद याचे ० ते ३. बेरीज ३ किंवा वर गेली की संप्रेरक-उपचाराचा फायदा दिसत होता. बेरीज ३ म्हणजे १ ते १० टक्के पेशी, त्याही फिकट. वर दिलेला रिपोर्ट नेमका इथे बसतो. पुढे २०११ मध्ये जगभरच्या चाचण्यांची माहिती एकत्र केली गेली, तेव्हा जुन्या मापाने १० ते १९ फेम्टोमोल असलेल्या, म्हणजे जेमतेम पॉझिटिव्ह, स्त्रियांमध्येही पाच वर्षांच्या टॅमॉक्सिफेनने आजार उलटण्याचं प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने घटलेलं आढळलं. १० च्या खाली फायदा नव्हता.

तरीही रेष खाली यायला एक मोठी चूक उघड व्हावी लागली. २००५ मध्ये कॅनडाच्या एका पूर्वेकडच्या प्रांतात ‘निगेटिव्ह’ दिलेल्या स्लाइड पुन्हा तपासल्या, तेव्हा जवळपास ४०० स्त्रियांचे रिपोर्ट चुकलेले निघाले. गोळीचा हक्क असलेल्या कित्येकींना ती मिळालीच नव्हती आणि त्यातल्या काही तोवर वारल्या होत्या. न्यायालयीन चौकशी झाली. त्यानंतर २०१० मध्ये उत्तर अमेरिकेतल्या कर्करोग आणि पॅथॉलॉजीच्या दोन संघटनांनी मिळून सांगितलं की १ टक्का पेशी रंगल्या तरी पॉझिटिव्ह म्हणा. सोबत तुकड्याच्या निगुतीचे नियम आले. काढल्यापासून तासाभरात फॉर्मलिनमध्ये, म्हणजे तुकडा टिकवणाऱ्या द्रवात, आणि तिथे किमान ६, जास्तीत जास्त ७२ तास.

या निर्णयावर अजून वाद आहे. आक्षेप असा की १ ते १० टक्क्यांच्या गाठी एकूण गाठींत दोन-तीन टक्केच असतात आणि जनुकांच्या पातळीवर पाहिलं तर त्यातल्या बऱ्याचशा निगेटिव्हसारख्याच वागतात. त्यांना पॉझिटिव्हच्या रांगेत बसवलं की ट्रिपल निगेटिव्हसाठीच्या (ईआरसह तिन्ही नेहमीचे रिसेप्टर नसलेल्या गाठींसाठीच्या) औषधांच्या चाचण्यांतून त्या वगळल्या जातात, आणि डॉक्टर-पेशंट दोघंही गोळीवर विसंबून केमोथेरपीबाबत ढिले पडू शकतात. २०२० च्या सुधारणेत हे बरंचसं मान्य झालं. रेष १ वरच राहिली, पण १ ते १० टक्क्यांना ‘ईआर लो पॉझिटिव्ह’ असं वेगळं नाव मिळालं आणि या गटाबद्दलचा पुरावा तोकडा आहे, अशी टीप रिपोर्टमध्ये घालायला सांगितलं. आक्षेपात तथ्य आहे. पण चुकून पॉझिटिव्ह म्हटलं तर एक स्वस्त गोळी आणि तिचे त्रास पदरी पडतात. त्यांत गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर आणि रक्ताच्या गुठळ्याही येतात, पण ते क्वचित. चुकून निगेटिव्ह म्हटलं तर उपचाराची एक अख्खी वाट बंद होते. माझ्या मते १ टक्क्याची रेष बरोबरच आहे, आणि आपल्याकडे तर ती जास्तच लागते.

याचं कारण ग्रॉसिंगच्या, म्हणजे काढलेला अवयव कापून तपासण्याच्या, टेबलावर दिसतं. तालुक्याच्या गावी संध्याकाळी ऑपरेशन होतं, बरणी पार्सलने दुसऱ्या दिवशी दुपारी लॅबमध्ये पोचते. आत अख्खा स्तन, न कापता कोंबलेला, आणि तळाशी चार बोटं फॉर्मलिन. सुरी फिरवली की कडेचा सेंटीमीटरभर भाग राखाडी आणि घट्ट, आतला अजून गुलाबी, ओलसर, बोट लावलं तर दबणारा. फॉर्मलिन तासाला जेमतेम मिलिमीटरभर आत सरकतं, आणि गाठ असते आत. अशा तुकड्यातले रिसेप्टर रात्रीतून विरलेले असू शकतात. गाठ निगेटिव्ह नसते, बरणीने तिला निगेटिव्ह केलेलं असतं. २००० साली प्रसिद्ध झालेल्या मुंबईतल्या ७९८ गाठींच्या अभ्यासात ईआर पॉझिटिव्ह निघाल्या त्या फक्त एक तृतीयांशाच्या आसपास. पाश्चात्त्य देशांत हे प्रमाण दोन तृतीयांशाच्या वर असतं. आपल्याकडे पेशंटचं वय कमी असतं, हे त्यामागचं एक खरं कारण. पण तुकड्याची निगा आणि रंगवण्याची पद्धत सुधारली तसे इथलेही आकडे निम्म्याच्या वर गेले, म्हणजे सगळा दोष वयाचा नव्हता.

दूरच्या भवितव्याबद्दलची समजही याच काळात पालटली. सत्तरीच्या उत्तरार्धात दिसलं की निगेटिव्ह गाठी लवकर उलटतात, त्यामुळे पॉझिटिव्ह म्हणजे ‘चांगल्या जातीचा’ कॅन्सर, असं बोललं जाऊ लागलं. तेव्हा मोजमाप पाच वर्षांचं होतं. निगेटिव्हमध्ये धोका पहिल्या दोन-तीन वर्षांत शिगेला जातो आणि पाच वर्षांनंतर खूप उतरतो. पॉझिटिव्हमध्ये तो सुरुवातीला कमी, पण संपत नाही. पाच वर्षं गोळ्या घेऊन तोवर निरोगी राहिलेल्या ६२,९२३ स्त्रियांची माहिती २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. गाठ २ सेंटीमीटरपर्यंत आणि काखेत काही नाही, अशांतही पाचव्या ते विसाव्या वर्षादरम्यान दूरच्या अवयवात आजार उलटण्याची शक्यता १३ टक्के होती. मोठी गाठ आणि काखेतल्या चार ते नऊ ग्रंथी बाधित, अशांत ४१ टक्के. ‘पाच वर्षं झाली, आता सुटलो’ म्हणून पेढे वाटलेल्या घरांना हे सांगणं अवघड जातं, पण फॉलोअप न सोडण्याचं कारण हेच आहे. त्याआधी २०१२ मध्ये एका मोठ्या चाचणीने दाखवलं होतं की टॅमॉक्सिफेन पाचऐवजी दहा वर्षं घेतलं तर पाचव्या ते चौदाव्या वर्षातले या कॅन्सरचे मृत्यू १५ टक्क्यांवरून १२.२ टक्क्यांवर येतात.

५ टक्क्यांच्या त्या रिपोर्टला मात्र हे आकडे जसेच्या तसे लावता येत नाहीत. वीस वर्षांची ही माहिती ज्यांच्यावरून आली त्यांच्यातल्या बऱ्याच जणींची तपासणी जुन्या मापाने आणि जुन्या रेषेने झाली होती. लो पॉझिटिव्ह गाठी पहिल्या काही वर्षांत निगेटिव्हच्या जवळ जातात आणि त्यापुढचा त्यांचा मोठा हिशेब अजून जमा झालेला नाही. म्हणून अशा रिपोर्टवर आणखी एक ओळ हवी आणि २०२० पासून ती अपेक्षितही आहे : स्लाइडवर गाठीच्या शेजारी निरोगी नलिका आहेत का, आणि त्यांच्यातल्या पेशी तपकिरी झाल्या का. निरोगी नलिकांतल्या काही पेशींत रिसेप्टर असतातच, म्हणून त्या रंगल्या असतील तर ५ टक्के हा गाठीचा आकडा. रंगल्या नसतील तर तो बरणीचा, आणि मग दुसरा ब्लॉक घेऊन तपासणी पुन्हा करायची.