स्वतःच्या ट्रकचा खर्च: पासिंगपासून भाड्यापर्यंतची पार्श्वभूमी

ज्याच्याकडे एकच गाडी आहे, त्या मालकाच्या खर्चातलं जवळजवळ काहीच त्याच्या हातात नसतं. डिझेलचा भाव, टोल, विम्याचा हप्ता, गाडीत किती टन भरायचे हे सगळं दुसरीकडे ठरतं आणि रुपयापर्यंत ठरतं. भाडं मात्र रोज सकाळी ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात तोंडी ठरतं. ही विषम स्थिती एका दिवसात आलेली नाही. पण ती सर्वांत जास्त घट्ट झाली २०१३ ते २०२२ या काळात, म्हणून इथे भर त्याच वर्षांवर आहे.

त्याआधीचा काळ परवान्यांचा. १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने परवाना पद्धत आणली, १९८८ च्या कायद्याने ती बरीच सैल केली, आणि कर्ज काढून चेसिस घेणारे, स्वतःच गाडी चालवणारे हजारो लोक या धंद्यात आले. २०१० मध्ये राष्ट्रीय परवान्यासाठी राज्याराज्याचे वेगळे पैसे भरण्याऐवजी वर्षाला एकत्रित १५,००० रुपये भरायची सोय झाली. ती खरोखर चांगली सुधारणा होती आणि तिचं श्रेय द्यायला हवं. जकात नाके मात्र राहिलेच. मुंबईत दहिसर आणि मुलुंडच्या नाक्यांवर गाड्यांची रांग लागायची ती जुलै २०१७ पर्यंत. थांबलेल्या गाडीचा कर्जाचा हप्ता थांबत नाही, त्यामुळे नाक्यावरची रात्र हाही खर्चच होता, फक्त त्याची पावती मिळत नसे.

डिझेलचं बोलू. जानेवारी २०१३ पासून दर महिन्याला साधारण पन्नास पैशांची वाढ सुरू झाली, ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेल पूर्ण नियंत्रणमुक्त झालं आणि जून २०१७ पासून भाव रोज बदलू लागला. भाव बाजाराशी जोडला तर बाजार पडल्यावर तो उतरायला हवा होता. प्रत्यक्षात नोव्हेंबर २०१४ ते जानेवारी २०१६ मध्ये कच्चं तेल कोसळत असताना डिझेलवरचं केंद्रीय उत्पादन शुल्क लिटरमागे ३.५६ रुपयांवरून १७.३३ रुपयांवर गेलं. मधल्या काळात ते थोडं खाली-वर झालं, आणि मे २०२० मध्ये एकाच रात्रीत त्यात १३ रुपयांची भर पडून ते ३१.८३ झालं. दहा टायरची भरलेली गाडी लिटरला चार किलोमीटरच्या आसपास देते. हजार किलोमीटरच्या खेपेला अडीचशे लिटर धरले, तर त्या एका रात्रीतल्या वाढीचेच सव्वातीन हजार होतात. तेल उतरल्याचा जो दिलासा मालकाला मिळायचा, तो वाटेतच अडवला गेला. पुढे नोव्हेंबर २०२१ मध्ये १० आणि मे २०२२ मध्ये ६ रुपये कमी झाले, पण त्याआधी, ऑक्टोबर २०२१ मध्ये, मुंबईत डिझेलने शंभरी ओलांडली होती.

जीएसटी आला तेव्हा डिझेल त्याच्या बाहेर ठेवलं गेलं. त्याहून कमी बोलली गेलेली गोष्ट म्हणजे एका गाडीच्या मालकाची करातली जागा. तो आपली गाडी ट्रान्सपोर्ट कंपनीला भाड्याने लावतो. या भाड्यावर जीएसटी नाही, त्यामुळे गाडी, टायर, विमा यांवर त्याने भरलेला कर त्याला परत मिळत नाही. पुढच्या टप्प्यावर कर आकारणारी मोठी कंपनी गाडीवर भरलेल्या कराची वजावट घेऊ शकते. नव्या ट्रकवर तेव्हा २८ टक्के जीएसटी होता. एकाच शोरूममधून घेतलेली एकच गाडी लहान माणसाला महाग आणि मोठ्याला स्वस्त पडत होती. करमाफी या नावाखाली हे घडलं म्हणून त्यावर ओरड झाली नाही.

सर्वांत जास्त वाद झाला आणि अजून मिटलेला नाही तो १६ जुलै २०१८ च्या निर्णयाचा. त्या दिवशीच्या अधिसूचनेने एक्सलमागची (चाकं जोडणाऱ्या आसामागची) वजनाची मर्यादा वाढवली. चार टायरच्या मागच्या एक्सलला १०.२ टनांऐवजी ११.५ टन मान्य झाले. सहा टायरच्या गाडीचं एकूण पासिंग, म्हणजे गाडी आणि माल मिळून मान्य वजन, १६.२ वरून १८.५ टन झालं, दहा टायरचं २५ टनांवरून २८ टनांच्या घरात गेलं. लागलीच, २० जुलैला, देशभर चक्का जाम सुरू झाला आणि आठ दिवस चालला. त्यात मागण्या होत्या डिझेल, टोल आणि थर्ड पार्टी विम्याच्या. वजनाचा मुद्दा त्या गदारोळात मागे पडला, आणि तोच पुढे सगळ्यांत महाग पडला.

निर्णयाची बाजू समजून घ्यायला हवी. दहा टायरच्या रिकाम्या गाडीचं वजन नऊ टन धरलं, तर पूर्वी कायद्याने सोळा टन माल बसायचा, आता एकोणीस. टोल एक्सलवर लागतो, वजनावर नाही. ड्रायव्हर तोच, परवाना तोच. म्हणजे तीन टन जास्तीचे जवळजवळ फुकट, टनामागे खर्च कमी. शिवाय ओव्हरलोडचं वास्तव सगळ्यांना माहीत होतं. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्येच सांगितलं होतं की दंड घेऊन जादा माल पुढे जाऊ देता येणार नाही, तो उतरवलाच पाहिजे. तरी वजनकाटे आणि ‘एंट्री’ (गाडी सोडण्यासाठी द्यायची चिरीमिरी) यांच्या मधल्या फटीतून गाड्या जातच होत्या. मग मर्यादाच वाढवली तर लपवाछपवी कमी होईल, असा युक्तिवाद होता.

तो एका गाडीपुरता बरोबर आहे. सगळ्या गाड्यांना एकाच वेळी लावला की कोलमडतो. देशातल्या रस्त्यांवर एका आदेशाने वीस-पंचवीस टक्के वहनक्षमता वाढली. माल तेवढाच होता, आणि २०१९ मध्ये तर मागणी मंदावली. मग माल देणाऱ्याने टनामागचा भाव पाडला. खेपेचे पैसे होते तेवढेच राहिले, पण आता त्या पैशांत तीन टन जास्त ओढायचे होते. त्याचं डिझेल, घाटात घासणारे टायर, तुटणारे स्प्रिंगचे पाटे हे सगळं मालकाच्या खात्यावर. ज्यांनी २०१८ च्या सुरुवातीला जास्त पासिंगसाठीच कर्ज काढून बारा-चौदा टायरच्या गाड्या घेतल्या, त्यांची पंचाईत सर्वांत मोठी झाली. वाढीव मर्यादा जुन्या गाड्यांना लागू की फक्त नव्या, यावरही काही काळ गोंधळ राहिला. आरसी बुकावर वजन वाढलं नाही तर तेवढाच माल भरणारी शेजारची गाडी कायदेशीर आणि आपली ओव्हरलोड ठरत होती. नव्या जड गाड्यांची विक्री पुढच्या आर्थिक वर्षात जोरात आपटली, त्याला मंदीबरोबर हेही एक कारण होतं.

याला एक शेपूट आहे. एप्रिल २०१८ पासून आयकराच्या अंदाजित उत्पन्नाचा नियम बदलला. दहापर्यंत गाड्या असलेल्या मालकाने हिशेब न ठेवता दरमहा गाडीमागे ठरावीक उत्पन्न दाखवायची ही सोय. आधी ते सरसकट ७,५०० रुपये होतं. आता १२ टनांच्या वरच्या गाडीला पासिंगच्या दर टनामागे १,००० रुपये झालं. म्हणजे २५ टनांच्या गाडीचं मानलेलं उत्पन्न महिन्याला २५,०००. त्यानंतर साडेतीन महिन्यांनी पासिंग वाढलं, आणि आरसी बुकावर २८ टन लिहून घेणाऱ्याचं कागदावरचं उत्पन्न २८,००० झालं, भाडं वाढो वा न वाढो. या दोन निर्णयांचा एकमेकांवर काय परिणाम होईल हे पाहिलं गेलं असतं, तर हे घडलं नसतं असं मला ठामपणे वाटतं.

पुढचं सगळं याच पायावर चढत गेलं. सप्टेंबर २०१९ पासून केंद्रीय कायद्यात ओव्हरलोडचा दंड २,००० वरून २०,००० रुपये आणि वर दर जादा टनाला २,००० झाला. एप्रिल २०२० पासून बीएस-६ या प्रदूषण मानकाच्या गाड्या आल्या, किंमत वाढली आणि डिझेलशिवाय डीईएफ हे धुरातलं प्रदूषण कमी करणारं द्रव, म्हणजे ड्रायव्हरच्या भाषेत युरिया, भरणं आलं. सेन्सर बिघडला की गॅरेजवाल्याच्या पान्याने काम होत नाही, गाडी कंपनीच्या वर्कशॉपला न्यावी लागते. जून २०२२ पासून २० ते ४० टन पासिंगच्या मालवाहू गाडीचा थर्ड पार्टी विमा ४३,९५० रुपये झाला, कर वेगळा. टोलची माफी महाराष्ट्रात दोनदा गाजली, २०१५ मध्ये राज्यातल्या अनेक नाक्यांवर आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या पाच प्रवेशद्वारांवर. दोन्ही वेळा ती हलक्या वाहनांना मिळाली. ट्रक दोन्ही वेळा भरणाऱ्यांतच राहिला.

वाराईचा प्रश्नही इथलाच. माल चढवण्या-उतरवण्याचे पैसे ट्रकवाल्याकडून घ्यायची रीत बाजार समित्यांत आणि कारखान्यांत मुरलेली आहे. हमालाची मजुरी त्याला मिळालीच पाहिजे, त्यासाठी राज्यात १९६९ पासून माथाडी कायदा आहे. पण ती माल ज्याचा त्याने द्यावी, हे वाहतूकदारांचं ‘ज्याचा माल, त्याचा हमाल’ हे म्हणणं न्याय्य आहे. भाडं ठरताना वाराई धरली जात नाही आणि गाडी रिकामी करून घेण्याची घाई फक्त ट्रकवाल्याला असते, म्हणून ती त्याच्या खिशातून जाते.

सप्टेंबर २०२५ मध्ये ट्रक आणि टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आणि मालवाहू गाडीच्या थर्ड पार्टी विम्यावरचा ५ टक्के. टायरचा फायदा सगळ्यांना लगेच मिळतो. गाडीचा मात्र नवी घेणाऱ्याला. ज्याने आधी २८ टक्के भरून गाडी घेतली, त्याचा हप्ता जुन्याच किमतीवर चालू आहे, आणि नवी गाडी स्वस्त झाल्याने त्याच्या जुन्या गाडीला बाजारात मिळणारी किंमत खाली येते. भाडं ठरवताना समोरचा मात्र नव्या गाडीची किंमत डोळ्यांपुढे ठेवून बोलतो.