मेलेल्या चेतापेशींचा हिशेब

लोकलच्या डब्यात अधूनमधून एक जाहिरात चिकटवलेली दिसते: मुलांच्या मेंदूतल्या पेशी 'जागृत' करून मिळतील, डोळ्यांवर पट्टी बांधून वाचता येईल. पट्टी आणि नाक यांच्यामधल्या फटीतून खाली दिसतं, एवढंच त्या वाचनामागचं शास्त्र. त्याहून मला खटकतं ते पेशी जितक्या जास्त तितकी हुशारी हे गृहीतक. गर्भातली मज्जासंस्था नेमकं उलटं करते. गरजेपेक्षा जास्त चेतापेशी घडवते आणि त्यातल्या कित्येक, काही ठिकाणी तर जवळपास निम्म्या, मरू देते.

हे उमगलं त्यात मोठा वाटा रिता लेवी-मोंतालचिनी या इटालियन बाईंचा. जन्म १९०९चा, तुरीनचा. शिक्षणाने डॉक्टर, धर्माने ज्यू. १९३८च्या वंशभेदी कायद्यांनी विद्यापीठाची दारं बंद झाली, तेव्हा त्यांनी झोपायच्या खोलीतच प्रयोगशाळा थाटली. शिवणाच्या सुया घासून हत्यारं केली, कोंबडीची फलित अंडी मिळवली आणि गर्भाच्या पायाचा अंकुर कापून टाकला की काय होतं ते बघू लागल्या.

व्हिक्टर हॅम्बर्गर या गर्भशास्त्रज्ञांनी असेच प्रयोग आधी केले होते. अवयवाचा अंकुर काढला की त्याच्याकडे जाणाऱ्या चेतापेशी कमी भरतात. हॅम्बर्गर यांनी काढलेला अर्थ असा, की अवयवाकडून निरोपच न आल्याने त्या पेशी तयार झाल्या नाहीत. बाईंनी शेवटचा आकडा पाहण्याऐवजी वेगवेगळ्या दिवसांचे गर्भ काढले, चांदीच्या क्षारांनी पेशी रंगवल्या आणि मोजल्या. सुरुवातीला पेशी नेहमीसारख्याच होत्या. त्यांना तंतू फुटले, ते कापलेल्या जागेकडे निघाले, आणि मग पेशी मेल्या. म्हणजे जन्मायला पायाची गरज नव्हती, जगायला होती.

युद्धानंतर हॅम्बर्गर यांनीच त्यांना अमेरिकेत सेंट लुईसला बोलावलं. चेतापेशींना जगवणारा असा पदार्थ उंदराच्या एका गाठीत (ट्यूमरमध्ये) असावा अशी शंका आली. १९५२मध्ये बाई गाठवाले उंदीर विमानातून रिओ द जानेरोला घेऊन गेल्या. तिथे काचेवर चेतापेशींच्या गुच्छिकेशेजारी, पण तिला न चिकटता, गाठीचा तुकडा ठेवला, तर काही तासांत गुच्छिकेभोवती तंतूंची दाट प्रभावळ उमटली.

पदार्थ शुद्ध करायचं काम स्टॅन्ली कोहेन या जीवरसायनशास्त्रज्ञांचं. त्यात न्यूक्लिक आम्ल (डीएनए किंवा आरएनए) आहे का हे तपासायला ते तोडणारं एन्झाइम हवं होतं, आणि सापाच्या विषात ते भरपूर असतं. विष घातलं तर प्रभावळ आणखीच दाट! तो पदार्थ विषातच गाठीपेक्षा कितीतरी जास्त होता. विषग्रंथी म्हणजे बदललेली लाळग्रंथीच, म्हणून कोहेन नर उंदराच्या लाळग्रंथीकडे वळले आणि तिथे खजिनाच सापडला. हे प्रथिन म्हणजे नर्व्ह ग्रोथ फॅक्टर, एनजीएफ. परळच्या हाफकिन संस्थेने घोड्याला विष टोचून प्रतिविष बनवलं त्याच तत्त्वाने सशाला एनजीएफ टोचून प्रतिद्रव्य केलं. ते नवजात उंदरांना दिल्यावर त्यांची अनुकंपी चेतासंस्था, म्हणजे हृदयाचे ठोके वगैरे आपोआप सांभाळणारी यंत्रणा, जवळपास नाहीशी झाली.

आता माझा आवडता भाग. अवयव एनजीएफ मोजकंच बनवतो. म्हाडाच्या सोडतीसारखंच, अर्जदार अमाप नि घरं थोडी; फक्त इथे चिठ्ठी नसते, तंतू वेळेवर आणि योग्य जागी पोचावा लागतो. तंतूच्या टोकावरचा ट्रक-ए नावाचा ग्राहक (रिसेप्टर, म्हणजे निरोप पकडणारं प्रथिन) एनजीएफला पकडतो, दोघं एका सूक्ष्म पिशवीत गुंडाळले जातात आणि डायनीन हे मोटर-प्रथिन ती पिशवी सूक्ष्मनलिकांवरून पेशीच्या गाभ्याकडे ओढत नेतं. निरोप पोचला तर आत्मनाशाची यंत्रणा दबून राहते. नाही पोचला तर कॅस्पेज एन्झाइमं पेशीला आतूनच मोडीत काढतात. चेतातंतूंतली अशी ने-आण पारदर्शक कृमींमध्ये प्रत्यक्ष बघण्याचं काम कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर) संध्या कौशिका यांचा गट करतो.

१९८६चं नोबेल बाईंना आणि कोहेन यांना मिळून मिळालं. ट्रक-ए जन्मतःच बिघडलेला असला तर मुलाला वेदना जाणवत नाही, घामही येत नाही. भाजलं, हाड मोडलं तरी पत्ता लागत नाही. मग एनजीएफ पाजून मुलं हुशार होतील का? प्रथिन पोटात गेलं की पचतं, आणि टोचलं तर दुखतं. त्याचं मान्यताप्राप्त औषध आहे ते डोळ्यात घालायच्या थेंबांचं. अमेरिकेत त्याला २०१८मध्ये परवानगी मिळाली, तीही बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याच्या नसा निकामी होऊन तिथल्या जखमा भरत नाहीत, त्या एका दुर्मीळ आजारासाठी.